वाघिणींची मॅट

जयाचा फोन आला तेव्हा रत्ना डेअरीत बसून फॅटच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्यांदा वाचत होती. दोन पूर्णांक नऊ.

दूध चिमाजीअण्णांच्या गोठ्यातलं होतं. बावीस संकरित गाई, त्यातल्या चौदा दुभत्या. सकाळी एकशे दहा लिटर, संध्याकाळी शंभर, आणि फॅट साडेतीनच्या खाली कधी नाही. काल शनिवारी संध्याकाळी अडुसष्ट लिटर आलं. आज सकाळी एकाहत्तर. वर फॅटही पडलेलं.

"अण्णानं पाणी घातलं जनू," रांगेतलं कुणीतरी हसलं.

"पाणी घातल्यावर दूध वाढतं, कमी न्हाई होत," रत्ना म्हणाली. "सकाळच्या पारी येवढं तरी डोकं चालवा, राव."

तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी, मॅट न्हाई."

"काय न्हाई?"

"मॅट. सगळीच्या सगळी. हॉलमधी नुसती फरशी हाय. तुमी या लवकर." आणि पोरीचा आवाज फुटला.

रत्नाने यंत्र बंद केलं, कॅनवर झाकणं दाबली आणि स्कूटीला किक मारली.

येडगावचा हॉल म्हणजे धरण बांधताना सिमेंट ठेवायला उभारलेलं गोदाम. धरण झालं, गोदाम उरलं. गेणभाऊ नावाच्या एका वेड्याने तिथे मुलींना कबड्डी शिकवायला सुरुवात केली. त्या पहिल्या मुलींत रत्ना होती. गुडघ्यावरच्या खुणा अजून होत्या. पुढे संस्था आली, अध्यक्ष आले, कोनशिला आली. मग राज्यात मुलींची व्यावसायिक लीग निघाली आणि 'कुकडी वाघिणी' हा संघ उभा राहिला. दोन हंगाम वाघिणी तळाला होत्या. संघमालक दादाभाऊंना त्यांना पनवेलच्या चकचकीत स्टेडियमला न्यायचं होतं. कारण एकच सांगत होते, हॉल जुना झाला. उद्या सोमवारी लीगची तपासणी होती. हॉल पास झाला तर संघ पाच वर्षं इथेच. नापास झाला तर पनवेल.

पनवेल म्हणजे जयाचा शेवट. जया वाघिणींची कर्णधार. भीमाशंकरच्या खालच्या एका वाडीतली, घरी भात आणि नाचणी. ती रत्नाच्या घरी राहून खेळायची. बापाने एकदाच सांगितलं होतं, "रत्नाबाईच्या घरी हाय तवर खेळ. त्याच्या म्होरं न्हाई." तो माणूस एकदा बोललेलं पुन्हा बोलत नसे.

हॉलच्या दारात खेळाडू मुली उभ्या होत्या. आत फरशीवर मॅटचा चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता, बाकी धूळ. मीटरभर लांब, मीटरभर रुंद असे एकशे चाळीस तुकडे एकमेकांत अडकवून ती मॅट होत असे. एकही तुकडा राहिला नव्हता. कुलूप धड होतं.

आणि हॉलच्या भिंतीवरून चिमाजीअण्णा हसत होते.

म्हणजे फ्लेक्सवरून. 'वाघिणी कुठेही जाणार नाहीत!' अशी पाच-पाच फुटी अक्षरं, त्याखाली हात जोडलेले अण्णा आणि अण्णांच्या कोपराखाली टपाल तिकिटाएवढ्या बारा वाघिणी. अण्णा संस्थेचे अध्यक्ष आणि 'वाघिणी बचाव कृती समिती'चेही अध्यक्ष. ज्या खुर्चीला हात आहेत तिचे ते अध्यक्ष असत.

खरे अण्णा अर्ध्या तासात आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागे सहा माणसं. मानेवर मात्र लाल चट्टे उठले होते आणि बोलताना ते सारखे खाजवत होते. मुली रडत होत्या, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी आधी मोबाईल धरणारा माणूस कुठे उभा आहे ते पाहिलं, मग घसा साफ केला.

"बंधूंनो! आज आमचा ऊस शेतात उभा हाय, तोडीला टोळी येत न्हाई. आमच्या टोमॅटोला भाव न्हाई. आन् आता आमच्या लेकींची मॅट बी नेली! ह्यो अन्याव आमी खपवून घेणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. उसाचा मॅटशी काय संबंध, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. अण्णांच्या सभेत तसं कधीच कुणाला सुचत नसे.

"कुलूप तुटलं न्हाई," अण्णांनी बोट उचललं. "आन् चावी एकच. ती कुनाकडं हाय? गेणभाऊकडं!"

सत्तरीचा गेणभाऊ खांबाला टेकून उभा होता. त्याने नुसतं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात घेतली.

हवालदार गोरख यांनी वहीत लिहून घेतलं. ते लिहायला फार वेळ घेत, कारण लिहून झालं की काहीतरी करावं लागतं.

रत्ना गेणभाऊला बाजूला घेऊन गेली.

"भाऊ, काल चावी कुठं व्हती?"

"कमरंला. निरगुडसरला एकाच जीपमंदी व्हतो की आपुन. इसारली व्हय?"

ती विसरली नव्हती. काल निरगुडसरच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. सगळं गाव दुपारी बाराला तिकडे गेलं ते संध्याकाळी धारांच्या वेळेला परतलं. बक्षीस अण्णांच्या हस्ते होतं. निवेदक माईकवर घसा कोरडा करत होता, "चिमाजीअण्णा, जिथं असाल तिथून स्टेजकडं या!" तीनदा पुकारून शेवटी दुसऱ्याच्या हातून बक्षीस दिलं. अण्णा उतरत्या उन्हाला उगवले.

"दुसरी चावी हाय का?"

"हाय की. संस्थेच्या हाफिसात खिळ्याला असती, कपाटामागं."

"अण्णा तर म्हनत्यात एकच हाय."

"त्याला काय म्हाईत? त्यो हाफिसात फोटू काढाया येतो. रत्ने, म्हैन्यामागं दोघं आले व्हते टेप घिऊन. अण्णानंच धाडले. छपराचे विंजिनेर म्हनं. पन छपराकडं एकदा मान वर केली न्हाई त्यांनी. पान्यापस्तोर समदा काठ मोजला आन् गेले."

"मग गळक्या छपराचं?"

"छपराचं काय? ते आपुनच बशिवलं की. पोरी वर, मी खाली."

रत्नाने ऑफिसात जाऊन पाहिलं. कपाटामागच्या खिळ्याला चावी लटकत होती. खिळ्यावर जाळं होतं, कपाटावर धूळ होती. चावीवर नव्हती.

दुपारी संघमालक दादाभाऊ पुण्याहून आले. काळा चष्मा त्यांनी हॉलच्या आतही काढला नाही. बारा वाघिणींपैकी सात जणींची नावं त्यांना येत नव्हती; दोन हंगाम झाले तरी ते जयाला 'ती उंच मुलगी' म्हणत.

रत्नाने सरळ विचारलं, "तुमाला संघ न्यायचाय. मॅट तुमी उचलली?"

दादाभाऊ रागावले नाहीत. रागावण्याइतकंही त्यांचं तिथे लक्ष नव्हतं.

"बाई, मला जायचंय हे मी पेपरात सांगितलंय. लपवतोय कुठे? पण मॅट माझीच आहे. पनवेलला मलाच लागणार. स्वतःची मॅट पळवून मी काय करू?"

"उद्या मॅट न्हाई मिळाली तर?"

"पाच वाजेपर्यंत मैदान मांडलेलं हवं. नाहीतर परवापासून संघ पनवेलचा. संस्थेबरोबरचा करार संपतो, जागा संस्थेला परत. सुटलो मी."

"आन् पोरी?"

"ज्यांना यायचंय त्यांनी यावं," असं म्हणून ते फोनवर बोलू लागले.

गोरख हवालदारांनी तोवर शोधमोहीम काढली होती. कांद्याच्या चाळी पाहिल्या, टोमॅटोचे गाळे पाहिले, मंगल कार्यालयाच्या खोल्या उघडल्या, रस्त्यावर चार टेम्पो अडवले. मॅट मिळाली नाही. एका टेम्पोत लग्नाचे लाडू मिळाले, तेवढाच तपास पुढे सरकला.

रत्ना मात्र स्कूटी घेऊन अण्णांच्या वस्तीकडे निघाली. दूध कमी आलं की जनावर पाहून यायचं, हे तिचं नेहमीचं काम. फाटकावरच अण्णांचा माणूस आडवा आला.

"बाई, आत न्हाई जायचं. काल बिबट्या शिरला व्हता गोठ्याकडं. अण्णांचा हुकूम हाय. वहिनी आन् गडी सोडून कुनाला सोडायचं न्हाई."

"ठसे दावा की."

"पुसले."

"बिबट्यानं पुसले का तुमी?"

माणसाने फाटकाची कडी लावली. रत्नाने स्कूटी वळवली आणि शेजारच्या भिमाजीच्या अंगणात लावली. भिमाजीच्या आणि अण्णांच्या गोठ्यात एकच भिंत. भिमाजीचा पाय प्लास्टरमध्ये होता. काल यात्रेला न गेलेला गावातला बहुधा हा एकटाच. खाटेवर बसून तो वैतागला होता.

"काल बिबट्या आला व्हता म्हनं शेजारी?"

"बिबट्या?" भिमाजी हसला. "मी दिसभर हितंच हाय. माझं कुत्रं नुसतं झोपून व्हतं. बिबट्या आला असता तर त्यानं गाव डोक्यावर घेतलं असतं."

"मग काय आलं?"

"उसाच्या वाळक्या पाचटाची ट्रॉली आली, दुसरं काय. दोनच्या सुमाराला. वारं ह्या अंगाला, समदं भुसकाट माझ्या अंगनात. बघा ना. पाय धड असता तर दोन शिव्या दिल्या असत्या."

"कुठून आली?"

"धरनाकडून. दोन बाहेरचे गडी व्हते, आन् अण्णा सोता व्हते संगं. अण्णा आन् पाचट! म्हनलं, आज काय सूर्व्य कुठून उगावला?"

"तुमच्या गाई कशा हायेत?"

"झ्याक. तुमच्याच डेअरीत आलं की दूध. चाळीस लिटर, कमी न्हाई का जास्त न्हाई."

रत्नाने मान डोलवली. अंगणातलं पाचटाचं एक सुकं पातं उचललं, बोटांनी मोडलं आणि धरणाच्या रस्त्याकडे पाहिलं. तो रस्ता हॉलपाशी संपत होता. पुढे खडक आणि पाणी.

संध्याकाळी डेअरीत अण्णांचे कॅन घेऊन साळुबाई स्वतः आली. अण्णांची बायको. पहाटे चारला उठणारी, बावीस गाईंना नावानं ओळखणारी. अण्णा वीस वर्षांत गाईच्या मागे उभे राहिले असतील ते फक्त पशुप्रदर्शनाच्या फोटोसाठी. 'आदर्श गोपालक' हा पुरस्कार अर्थातच अण्णांना मिळाला होता.

दूध सत्तर लिटर. फॅट दोन पूर्णांक नऊ.

"वैनी, खुराक बदलला का?"

"न्हाई गं. तीच पेंड, तीच वैरन."

"ताप? कासदाह?"

"चौदाच्या चौदा गाईंना एका टायमाला? काल सांजपास्नं बावरल्यात बग. बसतच न्हाईत. पाय उचलायचा, ठिवायचा, पुन्हा उचलायचा. कासंला हात लावला की आखडून घेत्यात. आमचं मालक म्हनत्यात बिबट्याचं भ्या." साळुबाईने आवाज खाली आणला. "मला न्हाई वाटत. भ्यालेली गाय दावं तोडाया बगती. ह्या नुसत्या खाली बगत्यात."

रत्नाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पावती फाडून दिली.

घरी आल्यावर तिने जयाला बोलावलं. पोरीने दिवसभर खाल्लं नव्हतं. पिशवी भरून कोपऱ्यात ठेवली होती, वाडीला जायची तयारी म्हणून.

"पिशवी नंतर भर. आधी दोन गिलास आण," रत्ना म्हणाली. "आपल्या कपिलीची धार काढू."

"आत्ता? मावशी, हितं माझं..."

"तुझ्याच कामाचं हाय. बघ. पहिल्या चार धारा ह्या गिलासात. मधलं सगळं बादलीत. आन् अगदी शेवटचं, पिळून काढायचं ते, ह्या दुसऱ्या गिलासात."

दोन्ही पेले तिने डेअरीत नेऊन यंत्राखाली धरले. पहिल्याचा आकडा आला एक पूर्णांक आठ. दुसऱ्याचा सहा पूर्णांक दोन.

"एकाच गाईचं?" जयाचे डोळे मोठे झाले.

"एकाच गाईचं, एकाच टायमाचं. आता इचार कर. गाईनं शेवटचं दूध सोडलंच न्हाई तर?"

जयाने विचार केला. रत्नाने घाई केली नाही.

"दूध कमी भरंल," जया सावकाश म्हणाली, "आन् फॅट बी कमी लागंल."

"शाबास. आता जेव."

सोमवारी अकराला लीगच्या तपासनीस आरती मॅडम आल्या. हातात मोजपट्टी, फाइल, चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांनी छप्पर पाहिलं, वायरिंग पाहिलं, बाहेर पडायची दारं मोजली. फाइलमधल्या प्रत्येक बाबीसमोर बरोबरची खूण केली. मग रिकाम्या फरशीसमोर उभ्या राहिल्या.

"मॅट?"

अण्णा पुढे झाले. आज गर्दी कालच्या दुप्पट होती, त्यामुळे भाषणही दुप्पट होतं. शेवटी ते म्हणाले, "वाघिणी गेल्या तर माझं काळीज जाईल! पन ज्यानं हे पाप केलं त्या गेणभाऊला आधी अटक झाली पायजे!"

"अण्णा," रत्ना म्हणाली, "काळजाचं नंतर बघू. गाई कशा हायेत?"

गर्दी हसली. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हितं मॅटचा इषय चाललाय, बाई."

"मी मॅटचंच इचारतीय. शनिवारी दुपारी तुमी निरगुडसरला व्हता?"

"म्हंजे काय! माझ्या हस्ते बक्षीस..."

"तीनदा पुकारलं. तुमी न्हवता. समद्या गावानं ऐकलंय."

"वाटंत गाडी बंद पडली व्हती."

"त्याच टायमाला तुमी पाचटाच्या ट्रॉलीबरोबर घरी शिरला. भिमाजीनं बघितलं."

अण्णांनी मान खाजवली. "गोठ्यात पाचट टाकनं गुन्हा हाय का?"

"न्हाई. पन तुमचा ऊस अजून उभा हाय, हे काल तुमीच माईकशिवाय येवढ्या मोठ्यानं सांगितलं. मग पाचट कुनाच्या रानातनं?"

"घेतलं असंल कुनाचं. पाचटाला काय तोटा हाय?"

"घेतलं असंल. पन ट्रॉली आली धरनाकडून. त्या रस्त्याला ऊस हाय का, अण्णा? खडक हाय, पानी हाय, आन् ह्यो हॉल हाय. भरून न्यायला त्या रस्त्याला दुसरं व्हतं काय?"

गोरख हवालदारांनी वही उघडली.

"चावी गेणभाऊकडं..." अण्णांनी सुरुवात केली.

"एक गेणभाऊकडं. ती शनिवारी माझ्या शेजारी जीपमंदी व्हती. दुसरी हाफिसात खिळ्याला. कपाटावर धूळ, खिळ्यावर जाळं, आन् चावी लख्ख. संस्थेच्या अध्यक्षाला संस्थेच्या चाव्या किती ते म्हाईत न्हाई?"

"पुरावा हाय का पुरावा?" अण्णा ओरडले. "मॅट दावा! हवालदारांनी समदं गाव धुंडलं!"

"गाव धुंडलं. गोठं न्हाई धुंडलं." रत्नाने डेअरीच्या तीन पावत्या आरती मॅडमच्या फाइलवर ठेवल्या. "मॅडम, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ. दूध तिसऱ्या हिश्श्यानं कमी, फॅट बी कमी. पाणी घातलं तर फॅट पडतं, पन दूध वाढतं. म्हंजे पाणी न्हाई. खुराक तोच, आजार न्हाई. मग काय? जया, सांग."

जयाने सगळ्यांसमोर सांगितलं, आधी अडखळत, मग सरळ. शेवटच्या धारेचं दूध सगळ्यात दाट. गाय बावरली की ते सोडत नाही. दोन्ही आकडे एकदम पडले, म्हणजे गाईंच्या कासेत दूध आहे, त्या देत नाहीत.

"बिबट्यामुळं बावरल्या!" अण्णा म्हणाले.

"बिबट्या भिंतीच्या ह्या अंगाला आला आन् त्या अंगाला भिमाजीच्या गाईंना पत्ता न्हाई? त्याचं कुत्रं झोपलेलं? भिमाजीचं दूध एक लिटरनं बी कमी न्हाई. बिबट्या आलाच न्हाई. बिबट्या तुमाला लागला, कारन मानसं गोठ्यापस्नं लांब ठेवायची व्हती. अण्णा, लपवायची जागा चांगली निवडली व्हती. चाळ बघतील, गोदाम बघतील, गाईच्या पायाखाली कोन बघनार? पन गाईच्या पायाखालची जमीन बदलली की चार दिस ती बसत न्हाई, पान्हा सोडत न्हाई. धार काढणाऱ्या कुठल्याबी बाईला हे म्हाईत हाय. तुमी कधी एक धार काढली असती तर तुमाला बी म्हाईत असतं."

"खोटं हाय! गोठ्यात कुनी पाऊल टाकायचं न्हाई! बिबट्या..."

"मी दावते," मागून आवाज आला.

साळुबाई पदर खोचून उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, रत्नाकडे बघत होती.

"मला म्हनले, सरकारी योजनेतलं गाईंचं अंथरून आलंय. यादी जाहीर व्हईस्तवर कुनाला बोलू नको म्हनले." ती एवढंच बोलली आणि चालू लागली.

सगळा हॉल तिच्या मागे निघाला. अण्णांच्या मागे आज एकही माणूस नव्हता. मोबाईल धरणारा तेवढा होता, आणि तो अजूनही चित्रण करत होता.

गोठ्यात गाई उभ्याच होत्या. साळुबाईने एकेकीला नाव घेऊन बाहेर काढलं. गेणभाऊने खराट्याने पाचट बाजूला केलं. खाली निळसर, मऊ चौकोन, शेणाने माखलेले. जयाने एक उचकटून उलटा केला. खालच्या बाजूला पांढऱ्या रेषेचा हातभर तुकडा होता.

"बोनसची रेघ," ती म्हणाली आणि मटकन तिथेच शेणात बसली.

"कशासाठी पण?" आरती मॅडमनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

"पान्यासाठी," रत्ना म्हणाली. "संघ गेला की करार संपतो, जागा संस्थेकडं येती. संस्था म्हंजे अण्णा. म्हैन्यामागं त्यांनी छपराचे म्हनून जे विंजिनेर आनले त्यांनी छप्पर बघितलंच न्हाई, काठ मोजला. पान्याच्या कडंला मोजायला काय असतं, अण्णा? हाटेल का बोटी?"

अण्णांनी पुन्हा मान खाजवली.

"बोटी," साळुबाई म्हणाली. "चित्रं हायेत कपाटात. तीन बोटी आन् वर ह्यांचं नाव. मला म्हनले, गाईचं झेंगट इकून टाकू मग."

"छपरावर भरवसा ठेवून बसले व्हते," रत्नाने पुढे सांगितलं. "छप्पर नापास व्हईल, वाघिणी जातील, आन् आपुन रडून दावू. पन पोरींनी छप्पर सोता बसवलं. मग मॅट उचलावी लागली. ती बी सोता, कारन गावातला कुनी ह्या कामाला हात लावला नसता. मानंवरचे चट्टे बघा. पाचटाची सवय नसली की असंच व्हतं."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आमी ह्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, राव." तो आवाज फार मोठा नव्हता. पण अण्णांनी त्यानंतर मान वर केली नाही. गोरख हवालदार त्यांना गाडीत बसवून घेऊन गेले, अण्णांच्याच पांढऱ्या गाडीतून, कारण पोलिसांची चालू होत नव्हती.

मॅट ट्रॉलीतून परत आली. वाघिणींनी कालव्याच्या पाइपने एकेक तुकडा धुतला, उन्हात उभा केला, पुसला. गेणभाऊ टोपी घालून मध्यभागी उभा राहिला आणि कुठला तुकडा कुठे ते सांगत गेला. सव्वाचारला शेवटचा चौकोन बसला.

आरती मॅडमनी मोजपट्टी लावली. वाकून मॅट हुंगली. नाक मुरडलं.

"शेणाचा वास येतोय."

गेणभाऊने पुन्हा टोपी काढली.

"नियमात वासाबद्दल काही नाही," असं म्हणून त्यांनी सही केली.

दादाभाऊंनी चष्मा काढला, सही पाहिली, पुन्हा चष्मा घातला. जाताना ते त्या उंच मुलीला "अभिनंदन" म्हणाले. उंच मुलगी तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात फोनवर ओरडत होती, वाडीत रेंज कमी म्हणून.

"आबा! हितंच! व्हय, येडगावातच! पाच वर्सं!"

पलीकडून बापाचा आवाज आला, "मग खेळ की. फोन कशाला करत बसली?"

अण्णांचा फ्लेक्स गेणभाऊने त्याच संध्याकाळी उतरवला. जाळणार होता, पण साळुबाईने मागून घेतला. पाचटावर दव पडू नये म्हणून तिला काहीतरी हवंच होतं. तिने तो गोठ्याबाहेरच्या ढिगावर पसरला, चेहऱ्याची बाजू वर. गाई आपल्या जुन्या फरशीवर परतल्या, पाय ठेवून पाहिला आणि एकेक करून खाली बसल्या. फ्लेक्सकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी रत्नाने यंत्र लावलं. एकशे बारा लिटर. फॅट तीन पूर्णांक सात.

पावतीवर आजवर चिमाजीअण्णांचं नाव यायचं. रत्नाने ते खोडलं आणि त्याजागी लिहिलं, साळुबाई.